जुन्या डच फुलदाण्या जमवायच्यात? आधी बूड बघायला शिका

नेदरलँड्समध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांत साधारण वर्षभराने एक गोष्ट घडते. भिंती रिकाम्या वाटू लागतात, खिडकीत काहीतरी ठेवावंसं वाटतं आणि जवळच्या सेकंडहँड दुकानात, म्हणजे क्रिंगलोपमध्ये, काचेची एखादी जड, गोल, धुरकट रंगाची फुलदाणी हातात येते. दुकानदार म्हणतो, "कोपियर असेल बहुतेक." कोपियर म्हणजे काचेची भांडी घडवणारे नावाजलेले डच कलाकार. आपण घरी येऊन शोधतो आणि मग या छंदातून सुटका नाही.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. पैसे फार नसले तरी चालतात. घाई न करणं आणि बघण्याची शिस्त असणं एवढं पुरतं. माझं मत आधीच सांगून टाकते: या छंदात नावाच्या मागे लागणारा फसतो, काच ओळखायला शिकणारा सहसा फसत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांत नावं थोडी आहेत आणि बघायचं कसं हे जास्त आहे.

जवळ काय हवं

- शिवणकामाची मोजपट्टी. उंची, काठाचा व्यास आणि बुडाचा व्यास यांवरून पुष्कळ गोष्टी उलगडतात.
- दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग
- पांढऱ्या प्रकाशाचा बारीक टॉर्च
- ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. ३९५ चा स्वस्तात मिळतो, पण त्याच्या जांभळ्या उजेडात फिकी चमक बुडून जाते.
- स्वयंपाकघराचा वजनकाटा (घरीच राहू द्या)
- दोन जुने टॉवेल आणि ताठ बुडाची पिशवी. सायकलच्या हँडलला लटकवलेली कापडी पिशवी ही फुलदाणी फोडण्याची खात्रीची पद्धत आहे.
- एक वही, किंवा फोनमधलं कोष्टक

१. आधी लेअरडामला जाऊन या

खरेदीच्या आधी हे करा. लेअरडाम हे लिंगे नदीकाठचं छोटं गाव. उट्रेख्टहून खेल्डरमाल्सेनला गाडी बदलून जाता येतं. इथे १८७८ मध्ये काचकारखाना सुरू झाला. सुरुवातीला बाटल्या, पेले, रोजच्या वापराची भांडी असंच काम होतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पी. एम. कोखियस हे संचालक झाले. त्यांचा आग्रह असा की साध्या माणसाच्या टेबलावरचं भांडंही देखणं हवं. त्यांनी वास्तुविशारदांना बोलावलं: आधी डे बाझेल, मग बेर्लागे. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्याकडूनही १९३० च्या सुमारास आराखडे मागवले गेले, पण त्यातले फारच थोडे प्रत्यक्षात आले. तेव्हा "राइटची लेअरडाम फुलदाणी" म्हणून कोणी काही दाखवलं, तर कौतुक करा आणि पाकीट खिशातच ठेवा.

याच कारखान्यात आन्द्रीस डिर्क कोपियर (१९०१–१९९१) पोरवयात कामाला लागले आणि पुढे डच काचेचा चेहरा बनले. १९३० चा 'खिल्डे' वाइनचा पेला त्यांचाच. आजही डच घरांत तो सहज दिसतो.

गावातल्या राष्ट्रीय काच संग्रहालयात या सगळ्याचा भरगच्च साठा आहे. तिथे कपाटांसमोर एक दुपार घालवा. छायाचित्रांत रंग फसवतात, जाडी तर दिसतच नाही. खऱ्या कोपियरच्या भांड्याचा काठ कसा संपतो, बुडाशी काच किती जमते, हे डोळ्यांनी पाहिलं की पुढे बाजारात नकली माल आपोआप खटकतो. भट्टीवर काम चालू असेल तर तेही बघा. फुंकणीवरचा लाल गोळा, तो ओल्या लाकडी साच्यात फिरणं, मग बुडाला सळई चिकटवून काठ उघडणं. हे एकदा पाहिलं की पायरी ३ समजावून सांगावी लागत नाही.

जाता जाता: कोपियरच्या लहानपणी आपल्याकडेही तळेगावात पैसा फंडाचा काचकारखाना उभा होता आणि ओगलेवाडीत ओगले बंधूंचा निघत होता. तिथला भर कंदिलाच्या काचांवर, इथला टेबलावरच्या भांड्यांवर. तळेगाव-कराडकडचे वाचक असाल तर घरातल्या जुन्या काचा टाकू नका, एवढंच म्हणते.

२. काय जमवायचं ते ठरवा

'डच काच' हा शब्द फार सैल आहे. निदान हे गट ओळखा.

युनिका म्हणजे एकुलता एक नमुना. लेअरडामने हे १९२० च्या दशकात सुरू केलं. कलाकार भट्टीपाशी उभा राहून कारागिराकडून एक वस्तू करून घेई. बुडावर कोरीव अक्षरांत नाव, 'युनिका' हा शब्द आणि अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. किंमत शेकडो युरोंपासून काही हजारांपर्यंत. नवख्याने पहिल्या वर्षी घेऊ नये असं मला वाटतं.

सेरिका म्हणजे त्याच कल्पनेची मर्यादित आवृत्ती. तिथेही बुडावर मालिकेचं नाव आणि क्रमांक.

त्यानंतर येतो कारखान्याचा नियमित माल, आणि नवख्यासाठी खरी मजा इथेच आहे. कोपियरच्या साध्या गोल फुलदाण्या वेगवेगळ्या मापांत आणि रंगांत निघत होत्या. काहींवर बारीक चमकती जाळी दिसते. तप्त काचेवर कथिलाच्या क्षाराचा थर देऊन ती आणखी फुंकली की वरची कातडी तडकते, आतली काच मात्र अखंड राहते. निवडुंगासाठी साच्यात दाबून केलेल्या जाड 'ग्रानिफेर' कुंड्याही याच गटातल्या. त्या अजून परवडतात.

युद्धानंतरच्या काळात फ्लोरिस मेइडाम आणि विलेम हेसेन ही लेअरडामची मोठी नावं. हेसेन यांनी १९७७ मध्ये जवळच्याच आकोय गावात स्वतःची भट्टी घातली. सिब्रेन फाल्केमा यांच्यामुळे आम्सटरडामच्या रीटफेल्ट अकादमीत काच शिकवली जाऊ लागली आणि कारखान्याबाहेर, स्वतंत्र भट्टीवर काम करणाऱ्यांची पिढी तयार झाली. दक्षिणेला मास्त्रिख्टच्या क्रिस्टालयुनी या काचकारखान्याची परंपरा वेगळी. तिथल्या माक्स फरबूकेट यांच्या फुलदाण्यांकडे बाजाराचं लक्ष कोपियरच्या मानाने कमी असतं. थोडक्या पैशांत दणकट काच हवी असेल तर मी तिकडे बघेन.

एक गट, एक रंग किंवा एक दशक निवडा. "जे आवडेल ते" या धोरणाने दोन वर्षांत कपाट भरतं, पण संग्रह होत नाही.

३. फुलदाणी हातात घेतल्यावर

आधी विचारा, मग उचला. उचलताना काठाला धरू नका. एक हात बुडाखाली, एक पोटाला. मग हा क्रम पाळा.

*उलटी करून बूड बघा.* हाताने फुंकलेल्या भांड्याच्या बुडाशी बऱ्याचदा सळई तोडल्याची खूण राहते. कधी ती खडबडीत असते, कधी घासून गुळगुळीत खळगी केलेली असते. दोन्ही चालतं. अंगावर समोरासमोर दोन उभ्या शिवणी दिसल्या तर भांडं साच्यातलं आहे. ग्रानिफेरसारख्या दाबकाचेत शिवण असणारच. पण विक्रेता "हातफुंकी युनिका" म्हणतोय आणि शिवण काठापर्यंत गेलीय, तर आभार मानून खाली ठेवा.

*झीज बघा.* सत्तर-ऐंशी वर्षं टेबलावर सरकलेल्या भांड्याच्या टेकण्याच्या कडेवर बारीक चरे असतात, सगळ्या दिशांनी, कमी-जास्त खोल. भिंगातून सगळे चरे एकाच दिशेने आणि एकसारखे दिसले तर कोणीतरी पॉलिशपेपर फिरवलाय. चरे अजिबात नसतील तर भांडं नवं असेल किंवा कपाटातच राहिलं असेल. दुसरी शक्यता दुर्मीळ आहे.

*सही बघा, पण शेवटी.* सही नंतर कोरता येते. जुनी सही असेल तर झिजेचे चरे तिच्या अक्षरांवरून गेलेले दिसतात. अक्षरं ताजी, धारदार, पांढरीशुभ्र आणि आजूबाजूचं बूड झिजलेलं, ही जोडी संशयास्पद आहे. कागदी लेबलाला तर मी काहीच किंमत देत नाही. ते एका भांड्यावरून दुसऱ्यावर सहज जातं. उलट, सही नाही म्हणून नियमित मालातली चांगली वस्तू सोडू नका. तिथे आकार आणि मापं बोलतात.

*काठावरून बोट फिरवा.* डोळ्याला न दिसणारा टवका नखाला लागतो. मग डोळा काठाच्या पातळीवर आणा. टवका लपवण्यासाठी काठ घासून खाली आणतात. असा काठ सपाट, कडक कोनाचा होतो, भट्टीत तापवून गोलावलेल्या काठासारखा मऊ राहत नाही. उंची प्रमाणित मापापेक्षा अर्धा सेंटिमीटर कमी भरली तर संशय आणखी वाढतो. मोजपट्टी त्यासाठीच.

*तडा आणि जाळी यांत गल्लत करू नका.* कथिलाची जाळी पृष्ठभागावर सर्वत्र, सारख्या विणीची असते. खरा तडा एकटा असतो, काचेच्या आत शिरतो आणि टॉर्च तिरपा धरला की आरशासारखा लखकन चमकतो. शंका आली तर बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. तडा गेलेली काच खणखणत नाही, भद्द वाजते. मात्र जाड बुडाची धड भांडीही फारशी वाजत नाहीत, त्यामुळे नुसत्या आवाजावर जाऊ नका.

*आतून बघा.* नवखे सर्वांत जास्त इथे फसतात. वर्षानुवर्षं पाणी साचलेल्या फुलदाणीच्या आत पांढरट धूसरपणा येतो. तो दोन प्रकारचा. एक म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा थर, जो निघतो. दुसरा म्हणजे काचच गंजलेली असते, तिला डच लोक 'आजारी काच' म्हणतात. ती घरच्या कुठल्याही उपायाने निघत नाही. दोन्ही ओली केली की नाहीशी झाल्यासारखी वाटतात. म्हणून फुलदाणी आतून ओलसर किंवा तेलकट लागली, तर कोरडी करून दाखवायला सांगा. ऑनलाइन जाहिरातीत पाणी भरून, फुलं घालून काढलेला फोटो असेल तर रिकाम्या भांड्याचा फोटो मागा. आढेवेढे आले की उत्तर मिळालं.

*अतिनील टॉर्च.* अंधाऱ्या कोपऱ्यात मारा. डिंकाने जोडलेली भेग काचेपेक्षा वेगळी उजळते. हिरवी झगमग चमक दिसली तर काचेत युरेनियम आहे. लेअरडामच्या दाबकाचेत ते सापडतं आणि शोकेसमध्ये ठेवायला अडचण नाही. पण ही चमक डचपणाचा पुरावा नव्हे. बोहेमियापासून अमेरिकेपर्यंत सगळीकडे युरेनियम वापरलं गेलं.

४. कुठे शोधायचं

क्रिंगलोप दुकानं सर्वांत स्वस्त. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. मोठ्या शहरांतल्या दुकानांत आता जाणकार माणसं आधीच माल वेगळा काढतात, त्यामुळे छोट्या गावांत नशीब जास्त चालतं.

राजाचा वाढदिवस, २७ एप्रिल. त्या दिवशी अख्खा देश रस्त्यावर चादरी पसरून घरातलं जुनं विकतो. उट्रेख्टला बाजार आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. २७ तारीख रविवारी आली तर सगळं एक दिवस आधी सरकतं. चांगला माल पहाटे संपतो आणि चांगला भाव दुपारी चारनंतर मिळतो, कारण उरलेलं परत माडीवर नेण्याचा कोणालाच उत्साह नसतो. सुटी नाणी आणि टॉवेल बरोबर ठेवा.

आम्सटरडामच्या उत्तर भागात जुन्या जहाजबांधणी आवारात भरणारा आय-हॅलन बाजार प्रचंड मोठा आहे. तो रोज नसतो आणि प्रवेशाला तिकीट लागतं, तेव्हा तारखा बघून जा.

ऑनलाइन मार्क्टप्लाट्स हा मुख्य अड्डा. नुसतं 'लेअरडाम' शोधलं तर गर्दी दिसते आणि किमतीही त्याच मानाने. 'जुनी काचेची फुलदाणी, आजीची' अशा अर्थाच्या डच शब्दांनी शोधा. विकणाऱ्याला नाव ठाऊक नसलेल्या वस्तू तिथे असतात. जाहिरातीत 'खाफ' म्हणजे धड, 'बार्स्ट' म्हणजे तडा, 'श्खिल्फर' म्हणजे टवका. शक्यतो स्वतः जाऊन वस्तू बघून पैसे द्या. "खात्रीसाठी आधी एक सेंट पाठवा" असा दुवा आला तर संभाषण तिथेच थांबवा. बँकेचे तपशील चोरण्याची ही तिथली जुनी युक्ती आहे.

लिलावगृहांत वर्णन जास्त जबाबदारीने केलेलं असतं. पण हातोडा पडलेली किंमत ही शेवटची नसते. वर 'ओपगेल्ट' म्हणजे खरेदीदाराकडून घेतलं जाणारं शुल्क लागतं, बऱ्याचदा २० ते ३० टक्के, शिवाय वाहतूक. कमाल आकडा हे सगळं धरूनच ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. लिलावाच्या आधी माल हाताळून बघण्याचे दिवस असतात. घेणार नसलात तरी जा. फुकटात मिळणारी ही उत्तम शाळा आहे, संग्रहालयात काचेपलीकडे असणारं इथे हातात मिळतं.

५. भाव कसा करायचा

डच माणसाशी घासाघीस चालते, पण तुळशीबागेतली नाही. निम्म्यावरून सुरुवात केली तर समोरचा दुखावतो आणि बोलणं संपतं. दोष दाखवा, नेमका आकडा सांगा, गप्प राहा. दोन-तीन वस्तू एकत्र घेतल्या तर सवलत सहज मिळते. मागितलेल्या किमती म्हणजे बाजारभाव नव्हे. लिलावांचे संपलेले निकाल बघा, त्याच मापाचे, त्याच रंगाचे.

६. घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी धुवायची घाई नको. थंडीतून आणलेली फुलदाणी खोलीच्या उबेला येऊ द्या. मग सिंकमध्ये टॉवेल अंथरून कोमट पाणी आणि दोन थेंब साबण. डिशवॉशर कधीही नाही. तिथे काच कायमची मंद होते.

आतला क्षार काढायला पातळ व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी काही तास ठेवा. तळाशी चिकटलेल्या घाणीसाठी मूठभर कच्चे तांदूळ, थोडं साबणपाणी आणि हळुवार हलवणं. शिसं असलेल्या क्रिस्टलमध्ये आम्ल थोडाच वेळ ठेवा, आणि पृष्ठभागावर इंद्रधनुषी किंवा कथिलाची झिलई असेल तिथे बाहेरून आम्ल लावूच नका. हे सगळं करूनही धूसरपणा राहिला तर ती आजारी काच. मानून घ्या आणि वस्तू खिडकीपासून दूर ठेवा. मागून उजेड आला की तो दोष दुप्पट दिसतो.

चांगल्या फुलदाणीत फुलं ठेवायचीच असतील तर आत दुसरी साधी काचेची नळी घाला. महाराष्ट्रात बोअरवेलच्या जड पाण्यात तर क्षार दोन आठवड्यांत धरतो.

७. नोंद आणि कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण पाच वर्षांनी तुम्हीच स्वतःचे आभार मानाल. प्रत्येक वस्तूसाठी:

- पावती, खाजगी विक्री असेल तर जाहिरातीचा आणि संभाषणाचा स्क्रीनशॉट
- चार फोटो: समोरून, वरून, बूड आणि सही जवळून
- उंची, दोन्ही व्यास, वजन
- दोष, आहेत तसे
- कोणाची आहे याबद्दलचं तुमचं मत आणि ते कशावरून. "सही आहे", "संग्रहालयात हाच आकार पाहिला" आणि "विक्रेता म्हणाला" या तीन फार वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच लिहा.

घरातल्या सामानाचा विमा असेल तर आपल्या हातून फुटलेलं त्यात येतं का, हे वाचून बघा. साध्या विम्यात बहुधा येत नाही.

८. भारतात न्यायची असेल तर

मौल्यवान एक-दोन फुलदाण्या केबिन बॅगेत न्या. आत मोजे भरा, बाहेर टॉवेल, काठाभोवती वेगळा जाड थर, कारण फुटतो तो आधी काठ. सुरक्षा तपासणीत बॅग उघडायला लावतात, म्हणून चिकटपट्टीचे वेढे घालू नका. पार्सलने पाठवत असाल तर खोक्यात खोकं, मध्ये चारही बाजूंनी चार बोटं गादी. वर्तमानपत्राचा कागद थेट काचेला लावू नका, शाईचे डाग काचेच्या खडबडीत भागात बसतात. पार्सलवर भारतात सीमाशुल्क लागतं, तेव्हा खरी पावती आत आणि तिची प्रत बाहेर ठेवा. 'भेटवस्तू, किंमत शून्य' असं लिहिण्याचा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकलं तर पार्सल अडकतं आणि फुटलं तर भरपाईही शून्याचीच मिळते.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बंद खोक्यात ठेवून देऊ नका. दमट हवा आत कोंडली की जी काच नेदरलँड्समध्ये ऐंशी वर्षं धड राहिली तीही आतून धुरकटू शकते. उघड्या फळीवर, तोंड वर करून ठेवा आणि महिन्यातून एकदा कोरड्या सुती फडक्याने पुसा.